नोंद नाही

वकीलबाई म्हणाल्या, आधी हे सिद्ध करावं लागेल
की तुम्ही तिथे होतात.
मी खोकलो.
त्या म्हणाल्या, हे पुरेसं नाही.

इस्तंबूलमधलं तळघर. एकच खिडकी,
तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे.
तीही आम्ही गोणपाटाने बुजवली होती,
कारण धूळ बाहेर गेली की वरच्या मजल्यावरची बाई
भांडायला खाली यायची.

मी सोळाचा, वेयसेल सतराचा.
गावाहून बसने बावीस तास.
निळ्या पँटी यायच्या, कोऱ्या, ताठ,
आणि आमचं काम त्यांना म्हातारं करण्याचं.
नळीतून वाळू सुटायची. मांडीवर फिका पट्टा,
गुडघ्यावर त्याहून फिका,
जणू कुणी वीस वर्षं ती घालून कांदे खुरपलेत.
एका पँटीला दोन मिनिटं.
रात्री तिथेच झोपायचो, वाळूच्या पोत्यांवर.
समुद्राची आहे, मालक म्हणायचा.
समुद्र आम्ही तोवर पाहिला नव्हता.

ती कंपनी आता नाही.
तिच्या जागी दुसरी, मग मालकाच्या भावजयीच्या नावाने तिसरी.
विमा खात्यात माझी ती तीन वर्षं शोधली :
मी कुठेच नव्हतो.
पुढे लष्कराच्या भरतीत डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला
आणि विचारलं, खाणीत होतास का रे?

साक्षीला वेयसेल येणार होता.
फोनवर शपथेची तालीम करायचा,
दोन शब्दांमध्ये ऑक्सिजनची नळी नाकाला लावून.
मार्चमध्ये गेला.
जमीन गोठलेली, आणि खणायला
धाप न लागणारे दोघेच निघाले गावात,
एक इमाम, एक शाळामास्तर.

मला मंडळाने सेहेचाळीस टक्के लिहून दिलेत.
गुलिझार विचारते, मग उरलेले चौपन्न कुठे ठेवलेस?
लाकडं तर मीच फोडते.

पलीकडचा वकील नम्र होता.
सिगारेट? नाही.
गावी चुलीत गोवऱ्या जाळता ना? जाळतो.
त्याने तेवढंच लिहून घेतलं.
न्यायाधीश म्हणाल्या, सावकाश सांगा.
दुसरं कसं सांगणार होतो.

आणि मग वकीलबाईंनी एक कागद काढला.
नगरपालिकेच्या दप्तरातला, शिक्का, तारीख, सगळं असलेला :
तळघरातून रेती उडते, माझ्या वाळत घातलेल्या चादरी खराब होतात,
बंदोबस्त व्हावा.
खाली सही. सेनिहा, तिसरा मजला.

अख्ख्या शहरात तेवढा एकच कागद
म्हणतो की तिथे वाळू होती.

सेनिहा हानम आल्या. वय एक्याऐंशी,
नातवाच्या दंडाला धरून, चांगला कोट घालून.
हो, पोरं होती, म्हणाल्या. मी त्यांना शिव्या दिल्यात.
यांच्यापैकी कोण?
त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं,
बराच वेळ बघितलं.
मी श्वास धरला नव्हता, तो धरता येत नाही,
पण खोकला मात्र धरून ठेवला.
सगळी सारखीच दिसायची, त्या म्हणाल्या.
भुवयांपर्यंत पांढरी.
मला आधी वाटलेलं, खाली बेकरी आहे.

पुढची तारीख सप्टेंबरची.

बाहेर बाकावर त्या माझ्याशेजारी बसल्या,
नातू टॅक्सी बघायला गेलेला.
पिशवीतून लिमलेटची गोळी काढून दिली.
मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घालावी तसं म्हणाल्या,
तसं फार काही नव्हतं रे.
दोनदा धुतलं की निघायची.